सर्व्हेअरची सही

पन्नास हजार टन कोळसा तोलायचा आहे आणि तराजू नाही. गोदीत लागलेलं जहाज एकशेनव्वद मीटर लांब आणि बत्तीस मीटर रुंद आहे. ते पेलेल असा काटा जगात कुठेच बांधलेला नाही. मग एक माणूस येतो. अंगात बॉयलर सूट, डोक्यावर हेल्मेट, खिशात टॉर्च. होडीत बसून तो जहाजाला वळसा घालतो आणि जहाजाच्या अंगावर रंगवलेले आकडे वाचतो. पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना मिळून सहा ठिकाणी. लाटांनी पाणी सतत वरखाली होत असतं आणि त्यातली खरी पातळी नजरेनं धरायची असते. नंतर तो बाटलीभर पाणी काढून त्यात हायड्रोमीटर सोडतो. खुल्या समुद्राचं पाणी लिटरला साधारण १०२५ ग्रॅम भरतं, खाडीचं किंवा नदीच्या मुखाचं त्याहून हलकं. हलक्या पाण्यात तेच जहाज अधिक खोल बसतं. हे सगळं लिहून घेतलं की जहाजाच्या तक्त्यांवरून पाण्याखालच्या भागाचं आकारमान निघतं आणि त्यावरून वजन. त्यातून जहाजाचं स्वतःचं वजन, टाक्यांतलं तेल, पिण्याचं पाणी आणि बॅलास्टचं पाणी वजा केलं की उरतो तो कोळसा.

म्हणजे आपण शाळेत घोकलेला आर्किमिडीजचा नियम. पण इथे तो खरोखरच्या पैशांत उतरतो. या आकाराचं जहाज एक सेंटिमीटर खोल जायला पंचावन्न-छप्पन्न टन माल लागतो. वाचणाऱ्याची नजर बोटाच्या पेराएवढी चुकली, तर कित्येक ट्रक कोळसा कागदावर उगवतो किंवा गायब होतो. तरीही हाताशी एवढीच साधनं असताना कसलेला सर्व्हेअर अर्ध्या टक्क्याच्या आसपास अचूक वजन सांगतो. खरेदीदार आणि विक्रेता, दोघंही त्या आकड्यावर सही करतात. मला या धंद्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट हीच वाटते. एका माणसानं पाहिलं, लिहिलं, आणि ज्यांनी ते जहाज कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी ते खरं मानलं.

समुद्रावर हा विश्वास सोय म्हणून नव्हे, गरज म्हणून लागतो. जहाज बांधलं कोरियात, मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, विमा लंडनचा, माल ब्राझीलचा, आणि इंजिनरूममध्ये ड्युटीवर रत्नागिरीचा मुलगा. यांतलं कोणीच एकमेकांना ओळखत नाही. म्हणून एकाच जहाजावर वेगवेगळे सर्व्हेअर चढतात. एक झेंडा देणाऱ्या देशाचा, कायद्याचा. एक क्लासिफिकेशन सोसायटीचा, ज्याला जहाजावर सगळे नुसतं ‘क्लास’ म्हणतात. विमा कंपनीचा वेगळा, मालवाल्यांचा वेगळा. शिवाय ज्या बंदरात जहाज गेलं, त्या देशाचा माणूस अचानक येऊन तपासतो तो निराळाच. प्रत्येकाचा प्रश्न थोडा वेगळा असतो, पण मूळ एकच: हे पोलाद जेवढं दिसतं तेवढं धड आहे का?

हा प्रश्न पहिल्यांदा शिस्तीनं विचारला गेला तो कॉफी पिता पिता. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं लंडनमध्ये कॉफीगृह होतं. जहाजांचे मालक, कप्तान, व्यापारी आणि विमा उतरवणारे तिथे बसत. लॉइड गेला, पण गिऱ्हाइकांचा अड्डा टिकला. १७६० साली त्यातल्या लोकांनी जहाजांची नोंदवही ठेवण्यासाठी एक मंडळ काढलं. विमा उतरवायचा तर जहाजाची प्रकृती माहीत हवी, म्हणून जुन्या कप्तानांना आणि सुतारांना पाहणीला पाठवलं जाई. जहाजाच्या सांगाड्याला ए, ई, आय, ओ, यू अशी अक्षरं आणि दोर, नांगर, शिडं अशा सरंजामाला वेगळी श्रेणी. पुढे त्या श्रेणीचे आकडे झाले आणि उत्तम जहाज ‘ए-वन’ ठरू लागलं.

पण पुढे भांडणं सुरू झाली. अठराव्या शतकाच्या शेवटी त्या मंडळानं टेम्स नदीवर बांधलेल्या जहाजांना झुकतं माप दिलं, तेव्हा बाकीचे मालक खवळले. १७९९ साली त्यांनी स्वतःची वेगळी वही काढली. विमावाल्यांची हिरवी वही, मालकांची तांबडी. एकच जहाज एका वहीत चांगलं, दुसरीत बेताचं. दोन्ही वह्या दिवाळखोरीच्या कडेला पोहोचल्या, तेव्हा कुठे १८३४ साली शहाणपण सुचलं आणि एकच लॉइड्स रजिस्टर उभं राहिलं. त्यात विमावाले, मालक आणि व्यापारी अशा तिघांनाही जागा होती. तपासणी नुसती हुशार असून भागत नाही, ती कोणा एकाच्या खिशात असून चालत नाही, हे कळायला सत्तरेक वर्षं लागली.

कायद्यालाही हे उशिराच कळलं. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदारानं जादा माल भरून बुडणाऱ्या जहाजांविरुद्ध ब्रिटिश संसदेत आकाशपाताळ एक केलं. त्यातून १८७६ साली जहाजाच्या बाजूला भाररेषा रंगवणं सक्तीचं झालं. गोल वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेघ, जी आज प्रत्येक मालवाहू जहाजावर दिसते. पण रेघ कुठे मारायची हे त्या कायद्यानं मालकावरच सोडलं होतं. हवी तेवढी वर मारा. रेषेची जागा मोजून ठरवण्याची सक्ती आली ती १८९० साली.

आता टाकीत उतरू. मोठ्या जहाजाच्या पोटात बॅलास्टच्या टाक्या असतात. माल नसताना जहाज स्थिर राहावं म्हणून त्यांत समुद्राचं पाणी भरतात. दर पाच वर्षांनी मोठी तपासणी येते, तेव्हा सर्व्हेअर मॅनहोलमधून सरपटत त्यांत शिरतो. आत चिखल, गंज, घुसमट. आणि एक अदृश्य धोका. लोखंड गंजतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन खातं. बंद टाकीत महिनोन् महिने गंज चालू असेल, तर मोकळ्या हवेतला जवळजवळ २१ टक्के ऑक्सिजन माणूस बेशुद्ध पडेल इतका खाली येऊ शकतो. वास नाही, रंग नाही, घशाला टोचणं नाही. एक जण आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा धावतो आणि तोही कोसळतो. जहाजांवरचे कितीतरी मृत्यू असे दोघा-तिघांचे एकदम झाले आहेत. म्हणून आधी पंख्यानं हवा खेळवायची, मीटर लावायचा, तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा आणि मगच पाय आत टाकायचा.

आत शिरल्यावर हत्यारं दोन, एक जुनं आणि एक नवं. जुनं म्हणजे हातोडी. माठ घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवून पाहतो, तसा सर्व्हेअर पत्रा वाजवतो. धड पोलाद खणखणतं, गंजून पोखरलेलं बद्द वाजतं. नवं हत्यार म्हणजे अल्ट्रासॉनिक गेज. चकतीएवढं टोक पत्र्याला टेकवलं की ते आवाजाची एक टिचकी आत सोडतं. ती पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत येते आणि यंत्र तेवढा वेळ मोजतं. पोलादात आवाज सेकंदाला सहा किलोमीटरच्या जवळपास धावतो. बारा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून जाऊन परत यायला त्याला सेकंदाचे चार दशलक्षांश पुरतात. तेवढ्या वेळावरून मिलिमीटरचा दहावा हिस्सा कळतो. आणि यातला सगळ्यात मोठा फायदा असा, की पत्र्याची दुसरी बाजू समुद्रात असली तरी चालतं. पत्र्यापलीकडे जाण्याची गरजच नाही.

जाडी मोजता येते, तडा शोधता येतो. पण जहाज कलंडेल की नाही हे कसं मोजणार? प्रत्येक जहाजात दोन अदृश्य बिंदू असतात. एक गुरुत्वमध्य, ज्यातून सगळं वजन खाली ओढतं. दुसरा मेटासेंटर, जहाज थोडं कललं की पाण्याचा वर ढकलणारा जोर ज्यातून जातो तो बिंदू. पिएर बुगे या फ्रेंच गणितज्ञानं १७४६ साली छापलेल्या ग्रंथात हा बिंदू मांडला. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तोवर कललेलं जहाज परत सरळ होतं. वर गेला की संपलं. मेटासेंटर जहाजाच्या आकारावरून गणितानं काढता येतो. गुरुत्वमध्य मात्र निघत नाही. हजारो पत्रे, पाइप, यंत्रं, केबल आणि रंगाचे थर यांचा तो हिशेब असतो, आणि कागदावरची बेरीज खरी निघेलच असं नाही.

म्हणून बांधून झालेल्या जहाजाला शांत पाण्यात, दोर सैल सोडून, वारा नसताना उभं करतात. जादा माणसं खाली उतरवतात आणि टाक्या एकतर पूर्ण भरतात, नाहीतर पूर्ण रित्या करतात. जहाजाच्या आत एक लांब ओळंबा टांगतात, आपल्या गवंड्याचा असतो तसाच, आणि त्याचं टोक फार झुलू नये म्हणून तेलाच्या बादलीत बुडवून ठेवतात. मग माहीत असलेलं वजन डेकवर डावीकडून उजवीकडे, मोजून इतके मीटर सरकवतात. जहाज अंशभर कलतं. ओळंबा पट्टीवर काही सेंटिमीटर सरकतो. वजन, अंतर, कल आणि जहाजाचं एकूण वजन एवढ्या चार गोष्टींवरून, हजारो टन पोलादाच्या आत दडलेल्या त्या बिंदूची उंची निघते. सर्व्हेअर पट्टीशी वाकून वाचतो आणि नोंद करतो. अंतराळात याने पाठवण्याच्या काळात जहाजाचा जीव अजून दोरीला बांधलेल्या वजनावर ठरतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कोकणातल्या जुन्या माणसांना हा प्रयोग उलटा झालेला आठवतो. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. रामदास बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. गटारीला घर गाठणाऱ्यांनी ती खच्चून भरली होती. काश्याच्या खडकाजवळ वादळी पावसात मोठी लाट आदळली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट कलंडली, असं वाचलेल्यांनी सांगितलं. सहाशेहून अधिक माणसं गेली. सर्व्हेअर ज्या प्रयोगात मोजलेलं वजन मोजून सरकवतो, तोच प्रयोग त्या दिवशी शेकडो जिवंत माणसांच्या वजनानं, भर लाटांत, काही क्षणांत झाला. प्रवासी बोटीवर माणसांची संख्या लिहिलेली असते ती तिकिटांच्या हिशेबासाठी नव्हे. तो आकडा त्या ओळंब्यातून आलेला असतो.

इथवर जे सांगितलं ते सगळं कोणी ना कोणी शोधून काढलं, तपासलं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांना सांगितलं. हे सांगणं आपोआप होत नाही. जहाज तुटलं की मालक गप्प, बांधणारा गप्प, विमावाला वकिलाकडे. अपघातातून काय शिकलो हे बोलायला एक जागा लागते, जिथे बोलणाऱ्याला फटके न बसता प्रश्न विचारले जातील. इंजिनियरांच्या व्यावसायिक संस्था जन्मल्या त्या या गरजेतून.

आगबोटी आल्या तेव्हा जहाजावर इंजिनियर नावाचा नवा प्राणी आला आणि डेकवरच्या मंडळींनी त्याला तळघरातच ठेवलं. कप्तान साहेब होता. खालचा तेलकट माणूस मेकॅनिक होता, मग त्याच्यावाचून जहाज जागचं हलत नसलं तरी. पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डला १८८९ साली इन्स्टिट्यूट ऑफ मरीन इंजिनियर्स स्थापन झालं, त्यामागे हा स्वाभिमान होताच. १९३३ साली संस्थेला रॉयल चार्टर मिळालं. पण संस्थेनं पहिल्यापासून धरलेली पद्धत मला मानापेक्षा मोठी वाटते. सभासदानं पेपर वाचायचा, बाकीच्यांनी तो उभाआडवा सोलायचा, आणि पेपरबरोबर ती सगळी चर्चा, लेखकाच्या उत्तरासकट, छापायची. एखाद्या बॉयलरची नळी का फुटली, यावर समुद्रावर वर्षं काढलेला चीफ इंजिनियर उठून प्राध्यापकाला सांगतो, तुमचं गणित ठीक आहे, पण आमच्या बोटीवर असं घडलं. हे वाद कागदावर राहतात, म्हणून पुढच्या पिढीला पुन्हा तीच नळी फोडून शिकावं लागत नाही.

टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावरच्या इंजिनियरांपैकी एकही वाचला नाही. शेवटपर्यंत दिवे आणि पंप चालू ठेवण्यासाठी ते खालीच राहिले. त्यांच्या कुटुंबांसाठी १९१२ सालीच निधी उभा राहिला, आणि पुढे त्यातूनच या संस्थेचं गिल्ड ऑफ बेनेव्हलन्स हे मदतमंडळ झालं. इंजिनियरांच्या गणवेशावरचा जांभळा पट्टा त्या हुतात्म्यांच्या सन्मानार्थ राजानं दिला, अशी गोष्ट जहाजांवर अजून मोठ्या भक्तीनं सांगतात. ती खरी नाही. ब्रिटिश नौदलात इंजिनियरांचा जांभळा रंग टायटॅनिकच्या कितीतरी आधीपासून होता.

ज्ञान अपघातातून नियमापर्यंत कसं चालत येतं, याचं एक उदाहरण सविस्तर पाहण्यासारखं आहे. रामदास बुडाली त्याच वर्षी, ११ सप्टेंबर १९४७ रोजी, उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्याबाहेर रेना देल पॅसिफिको नावाचं प्रवासी जहाज चाचणीसाठी धावत होतं. युद्धात सैन्य वाहून आल्यावर त्याची दुरुस्ती झाली होती. इंजिनरूममध्ये स्फोट झाला आणि २८ माणसं मेली. बॉयलर नव्हे, डिझेल टाकीही नव्हे, इंजिनाचं क्रँककेस फुटलं होतं. म्हणजे जिथे वंगणाखेरीज जळण्यासारखं काही नसतं, ती पेटी.

वंगण सहसा पेटत नाही. पण आतला एखादा भाग घासून अतिशय तापला, तर त्यावर पडणाऱ्या तेलाची वाफ होते. थंड कोपऱ्यात जाऊन तिचं इतक्या बारीक थेंबांचं धुकं होतं की ते हवेत तरंगत राहतं. धुक्याचं प्रमाण पुरेसं वाढलं आणि ते पुन्हा त्याच तापलेल्या जागेशी आलं की भडका. हा पहिला स्फोट तसा लहान असतो. तो क्रँककेसची दारं उडवतो आणि मग आत पोकळी होते. ती पोकळी भरायला बाहेरची ताजी हवा आत घुसते, उरलेल्या धुक्याला भरपूर ऑक्सिजन मिळतो, आणि दुसरा स्फोट पहिल्याहून मोठा होतो. माणसं बहुतेक या दुसऱ्या स्फोटात जातात.

हे उलगडल्यावर उपाय निघाला तो मोठा चतुर आहे. क्रँककेसला स्प्रिंगवर बसवलेल्या झडपा लावल्या. पहिल्या दाबानं त्या चटकन उघडतात, पण दाब उतरताच त्याहून चटकन मिटतात. झडपेचं खरं काम उघडणं नव्हे, मिटणं आहे. दाब बाहेर पडू द्यायचा, हवा आत येऊ द्यायची नाही. शिवाय धुकं दाटायला लागलं की आधीच ओरडणारं यंत्र, ऑइल मिस्ट डिटेक्टर. आज मोठ्या डिझेल इंजिनाची तपासणी करताना सर्व्हेअर त्या झडपा हातानं ढकलून पाहतो. आणि इंजिनं आता केवढी? २००६ साली आलेल्या एम्मा मेर्स्क या कंटेनर जहाजाचं चौदा सिलिंडरांचं इंजिन २,३०० टनांचं, २७ मीटर लांब आणि साडेतेरा मीटर उंच आहे. चार मजली इमारत मिनिटाला शंभर फेऱ्या घेत ऐंशी हजार किलोवॅट देते, आणि तिच्या पोटातही तेच तेल, तीच शक्यता.

पोलादाबद्दलही असंच झालं. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेलं स्केनेक्टडी हे नवंकोरं टँकर जहाज, शांत पाण्यात, कोणी हात लावला नसताना मधोमध दुभंगलं. युद्धाच्या घाईत वेल्डिंगनं जोडलेल्या जहाजांना तडे जात होते आणि दोष वेल्डरांच्या माथी मारला जात होता. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या धातुशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की मूळ गोम पोलादात आहे. एका ठरावीक तापमानाखाली ते पोलाद ताणलं जाण्याऐवजी काचेच्या तऱ्हेनं फुटतं. आणि रिव्हेट मारलेल्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेला येऊन थांबे, तो वेल्डिंगच्या सलग अंगातून सरळ पलीकडे धावतो. आज जहाजाचं पोलाद मागवताना, ते थंडीत किती चिवट राहतं याचं प्रमाणपत्र लागतं ते यातूनच.

बायकांचं नाव निघालंच आहे तर व्हिक्टोरिया ड्रमंडची गोष्ट सांगायलाच हवी. राणी व्हिक्टोरियाची ही धर्मकन्या १९२२ साली अँकायसिस जहाजावर दहावी इंजिनियर म्हणून रुजू झाली. लंडनच्या त्या संस्थेची ती पहिली महिला सभासद. १९४० च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकवर तिच्या बोनिटा या जहाजावर विमानानं बाँब टाकले. तिनं इंजिनरूममधल्या बाकीच्यांना वर पाठवलं आणि एकटीनं इंजिन चालवत जहाज बाहेर काढलं. तिला पदकं मिळाली. चीफ इंजिनियरच्या ब्रिटिश परीक्षेत मात्र तिला ३७ वेळा नापास ठरवण्यात आलं. शेवटी तिनं पनामाचं चीफचं प्रमाणपत्र घेतलं आणि पुढे चीफ म्हणून जहाजंही चालवली. संस्थेनं जे ओळखलं ते सरकारी परीक्षकांना दिसलं नाही. व्यावसायिक संस्था असण्याचा हाही एक उपयोग. भारतात सोनाली बॅनर्जी ही पहिली महिला मरीन इंजिनियर कोलकात्याच्या संस्थेतून बाहेर पडली ती १९९९ साली. उशीर आपल्याकडेही झालाच.

मुंबईचं या विद्येशी नातं मात्र लंडनच्या संस्थेहून जुनं आहे. अर्देशीर खरशेटजी वाडिया हे जहाजबांधणाऱ्या वाडिया घराण्यातले. लाकडाच्या जहाजांनी घराणं नावाजलेलं असताना यांना वेड लागलं वाफेचं. १८३३ साली त्यांनी इंडस ही छोटी आगबोट पाण्यात सोडली आणि पुढच्याच वर्षी माझगावच्या आपल्या घरी गॅसचे दिवे लावले. १८४१ साली ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच वर्षी मुंबईच्या सरकारी वाफ-कारखान्यात मुख्य इंजिनियर आणि यंत्रतपासनीस म्हणून त्यांची नेमणूक झाली. यंत्र बनवणारा आणि यंत्र तपासणारा, दोन्ही एकाच माणसात. गोरे कामगार त्यांच्या हाताखाली काम करत होते, तेही कंपनी सरकारच्या काळात.

आज ही परंपरा मुंबईच्या आसपासच नांदते. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, म्हणजे आपली स्वतःची क्लासिफिकेशन सोसायटी, १९७५ साली स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय पवईत आहे. इन्स्टिट्यूट ऑफ मरीन इंजिनियर्स (इंडिया) १९८१ पासून स्वतंत्रपणे काम करते आणि तिचं घर नेरूळला आहे. लंडनच्या संस्थेशी तिचं जुनं नातं. ती मासिक काढते, परिषदा भरवते, पेपर वाचले जातात, निवृत्त चीफ नव्या मुलांच्या चुका काढतात. आपल्या जहाज महासंचालनालयातल्या तांत्रिक अधिकाऱ्याचं पदच ‘इंजिनियर अँड शिप सर्व्हेअर’ असं आहे. कारण सर्व्हेअर आकाशातून पडत नाही. तो बहुधा आधी जहाजावर फोर्थ, थर्ड, सेकंड, चीफ अशी वर्षं काढून, हात भाजून घेऊन मग पाटी-पेन्सिल हातात घेतो. ड्युटीवर असताना आपण सर्व्हेअरपासून काय काय लपवायचो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि इथे या धंद्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट येते. क्लासच्या तपासणीचे पैसे देतो कोण? जहाजाचा मालक. ज्याचं जहाज नापास करायचं, त्याच्याच पैशांतून फी यायची. मालकाला एक क्लास कडक वाटला तर तो दुसरीकडे जाऊ शकतो. १२ डिसेंबर १९९९ रोजी एरिका हा टँकर फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ दोन तुकडे होऊन बुडाला आणि हजारो टन जड तेल किनाऱ्यावर पसरलं. त्याच्याकडे क्लासचं वैध प्रमाणपत्र होतं. फ्रेंच न्यायालयांनी तेलकंपनीबरोबर क्लासिफिकेशन सोसायटीलाही दोषी धरलं आणि २०१२ साली सर्वोच्च पातळीवर तो निकाल कायम झाला. सही ही नुसती शाई नाही, हे त्या दिवशी सगळ्या जगातल्या सर्व्हेअरांना कळलं.

कायदा शिक्षा करतो ती किनारा काळा झाल्यावर. त्याआधी, एकटा माणूस टाकीच्या तळाशी उभा असतो. वर जहाजाचं भाडं तासाच्या हिशेबानं बुडत असतं आणि मालकाचा सुपरिंटेंडेंट फोनवर फोन करत असतो. अशा वेळी “हा पत्रा बदलल्याशिवाय सही होणार नाही” असं म्हणायला त्याला बळ कुठून येतं? पगारातून नक्कीच नाही. ते येतं आपल्या बरोबरीच्या लोकांच्या मतातून. उद्याच्या सभेत हाच प्रसंग कोणी मांडला तर शेजारी बसलेले पन्नास चीफ काय म्हणतील, याची त्याला पूर्ण कल्पना असते. आचारसंहिता, सभासदत्व, नावापुढची अक्षरं यांचा खरा अर्थ मला एवढाच दिसतो. मालक बदलतो, क्लास बदलतो, पण जातबांधव बदलता येत नाहीत.

पुढची दहा-वीस वर्षं या मंडळींची परीक्षा पाहणारी आहेत. टाक्यांत आता माणसाऐवजी ड्रोन उडू लागले आहेत, ते चांगलंच, कारण त्यांना ऑक्सिजन लागत नाही. पण इंधनं बदलताहेत. मेथॅनॉलवर चालणारी कंटेनर जहाजं धावू लागली आहेत. अमोनियाची इंजिनं तयार होताहेत, आणि अमोनिया गळला तर इंजिनरूममधल्या माणसाला पळायला फार थोडा वेळ मिळतो. डिझेलचा शंभर वर्षांचा अनुभव पाठीशी आहे. अमोनियाचा, इंधन म्हणून, तेवढा अनुभव कोणाहीकडे नाही. कुठल्याही चीफला आपल्या जुन्या सेकंडला विचारता येणार नाही. म्हणून पहिली गळती, पहिली चूक, पहिला थोडक्यात टळलेला अपघात ताबडतोब उघडपणे मांडला जायला हवा. कंपन्या ते आपणहून मांडतील यावर माझा तरी विश्वास नाही.

तुम्ही-आम्ही यात काय करायचं? एक गोष्ट करता येते. गणपतीत, होळीत किंवा सुट्टीत मांडव्याला, रेवसला, घारापुरीला, गोव्यात नाहीतर दाभोळच्या खाडीत बोटीत पाऊल ठेवाल, तेव्हा आत लावलेली प्रवासी संख्येची पाटी शोधा आणि वाचा. मग डोकी मोजा. डोकी जास्त असतील, तर घाई असली तरी खाली उतरा, आणि बरोबरच्यांनाही उतरवा.